होडीच्या पोटातली सांगड

खाडीकाठच्या एका गावी व्याख्यानाच्या निमित्ताने गेलो होतो. परतीची तर सुटायला अवकाश होता, म्हणून धक्क्यावर टेकलो. शेजारी तांडेलमामा विडी ओढीत बसले होते. मी कॉलेजात शिकवतो हे त्यांना कुणीतरी सांगितलेले असावे. त्यांनी मला विचारले, "सर, तुम्ही शिकलेसवरलेले, एक सांगा. होडीच्या पोटात, दोन कातड्यांच्या मध्ये, तो पांढरा फोम भरतात ना, तो भरला की होडी जास्त तरंगते काय? म्हणजे मग आणखी चार माणसं घ्यायला हरकत नाही?"

मी म्हणालो, "मामा, मी इतिहास शिकवतो. हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तरांचा."

त्यावर ते म्हणाले, "मग इतिहासात बघा की! होड्या काय आजच्या आहेत?"

मामांचे म्हणणे मला पटले. घरी आल्यावर मी खरोखरच इतिहासात बघितले. त्यातून जे हाती आले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. ज्या गावाला नदी, खाडी किंवा धरणाचा जलाशय ओलांडून बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जावे लागते, त्या प्रत्येक गावाचा तो आहे. आणि त्याचे उत्तर चुकले, तर ते बुडणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. पाण्यावर तरंगण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्या तिन्ही आपल्या खेड्यापाड्यांत पूर्वापार माहीत आहेत. मुलाला पोहायला शिकवताना त्याच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधतात. पांगारा मुळातच हलका, तो पाण्याखाली जातच नाही. ही पहिली तऱ्हा. कुणी बिंड्याऐवजी वाळलेला दुध्या भोपळा बांधतात. भोपळ्याच्या आत हवा असते आणि तोंड बंद असते. ही दुसरी तऱ्हा. असे भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या सांगडीवर आपल्या पूर्वजांनी किती नद्या ओलांडल्या असतील, त्याला गणती नाही. तिसरी तऱ्हा होडीची. होडी ही भोपळ्यासारखीच पोकळ, पण तिचे तोंड वरून सताड उघडे. रिकामी घागर विहिरीत सोडा, डुलत राहील. तिरपी होऊन तोंडातून पाणी शिरले की तीच घागर तळ गाठते. होडीचे सारे सामर्थ्य आणि सारा धोका त्या उघड्या तोंडात आहे.

तरंगणे म्हणजे काय, याचा उलगडा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज नगरीच्या आर्किमिडीजने केला. वस्तू पाण्यात जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याचे जे वजन, तेवढा रेटा पाणी तिला खालून वर देते. शाळेच्या पुस्तकात यालाच प्लावक बल म्हणतात. आता नीट पाहा. पाणी होडीला बाहेरून स्पर्श करते. होडीच्या आत काय भरले आहे, हवा आहे, भाताची पोती आहेत की फोम आहे, हे बाहेरच्या पाण्याला काय ठाऊक? त्याला एवढेच समजते की, होडीने इतकी जागा अडवली आहे. आत हवा असली तरी तेवढीच जागा, आत फोम असला तरी तेवढीच जागा. म्हणून धड, न फुटलेल्या, कोरड्या होडीत कितीही फोम भरला तरी पाण्याचा रेटा तिळभर वाढण्याचे कारण नाही. उलट फोमला स्वतःचे थोडे वजन असते. होड्यांत वापरतात तसा शंभर लिटर फोम घेतला, तर त्याचे वजन साधारण तीन किलो भरते. म्हणजे होडी वर उचलली जायची सोडून त्या तीन किलोंपुरती का होईना, खालीच बसते.

तुम्ही म्हणाल, मग जगभरचे होड्या बांधणारे वेडे आहेत काय? पदरचे पैसे खर्चून फोम कशाला भरतात? या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासातच सापडते. ते दोनशे वर्षांहून अधिक काळ, एकेका दुर्घटनेनंतर, थोडे थोडे करून माणसाला उमगले आहे.

होडीत पाणी शिरलेच तर ते सगळीकडे पसरू नये, ही युक्ती प्रथम चिनी लोकांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून ते त्याचे कप्पे पाडीत. तेराव्या शतकातला प्रवासी मार्को पोलो याने अशा कप्प्यांच्या जहाजांचे वर्णन करून ठेवले आहे. चीनच्या च्वानचौ बंदरात त्याच सुमाराचे एक जहाज १९७४ साली चिखलातून उकरून काढले, तेव्हा त्यात १२ भिंती आणि १३ कप्पे आढळले. आपल्या शेतातल्या वाफ्यांसारखीच ही रचना. एका वाफ्याचा बांध धड असेल तोवर त्यातले पाणी शेजारी जात नाही. पण ही झाली मोठ्या जहाजांची गोष्ट. लहान होडीत असे कप्पे पाडले तर बसायला आणि वल्ही मारायला जागाच उरत नाही. तेव्हा लहान होडीचा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्या प्रश्नाला हात घातला तो एका घोडागाड्या बनवणाऱ्याने. त्याचे नाव लायोनेल ल्यूकिन. इंग्लंडातल्या एसेक्स परगण्यात जन्मलेला हा कारागीर लंडनमध्ये श्रीमंतांच्या गाड्या तयार करी. समुद्राशी त्याचा धंद्याचा काही संबंध नव्हता. पण त्याने एक होडी विकत घेतली, तिच्या काठाला बाहेरून बुचाच्या झाडाच्या सालीचा जाड पट्टा बसवला, आत हवाबंद पेट्या ठेवल्या आणि खाली लोखंडाचा कणा जडवला. १७८५ साली त्याने या न बुडणाऱ्या होडीचे पेटंट घेतले. पांगाऱ्याचा बिंडा आणि दुध्या भोपळा या दोन्ही गोष्टी त्याने होडीच्या अंगाला बांधल्या, असे आपण आपल्या भाषेत म्हणू. पुढे बॅम्बरो येथील किनाऱ्यावर लोकांचे प्राण वाचवण्यासाठी एक होडी त्याने याच पद्धतीने सिद्ध करून दिली. पण सरकारदरबारी आणि आरमारात त्याच्या कल्पनेला म्हणावी तशी दाद मिळाली नाही. अजून लोकांच्या डोळ्यांत अंजन पडायचे होते.

ते अंजन १७८९ साली पडले. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीच्या मुखाशी अ‍ॅडव्हेंचर नावाचे जहाज वादळात सापडून रुतले. किनाऱ्यावर हजारो माणसे जमली होती. जहाजावरचे खलाशी दोरखंडांना लोंबकळत होते आणि थकून एकेक करून खाली पडत होते. अंतर फार नव्हते, पण त्या लाटांत साधी होडी घालायला कुणी धजेना. कारण होडी भरली की ती घागरीसारखी जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. डोळ्यांदेखत माणसे बुडाली.

या प्रसंगाने साउथ शील्ड्स गावचे लोक हादरले. त्यांनी समिती नेमली आणि भरल्यावरही न बुडणाऱ्या होडीच्या नमुन्याला २ गिनींचे बक्षीस लावले. नमुने आले. त्यांतला एक होता विल्यम वुडहॅव याचा. हा गरीब, फटकळ स्वभावाचा, चर्चमध्ये कारकुनी करणारा मनुष्य. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. विहिरीवर एक बाई पाणी भरीत होती. तिथे लाकडी भांड्याच्या गोल झाकणाचा फुटका तुकडा पाण्यावर तरंगत होता. वुडहॅवने तो उलटा केला, तो पुन्हा सुलटा झाला. कितीदा उलटवला तरी सुलटाच. त्यावरून त्याला होडीच्या आकाराची कल्पना सुचली. त्याचा नमुना पत्र्याचा होता, त्यात बुचाचे तुकडे भरलेले होते आणि तो उलटला तरी आपोआप सुलटा होई. समितीने त्याला अर्धेच बक्षीस, म्हणजे एक गिनी देऊ केली. तो संतापला, यात नवल नाही.

होडी बांधायचे काम हेन्री ग्रेटहेड याला मिळाले. ३० जानेवारी १७९० रोजी ती पाण्यात उतरली. तिचे नाव ओरिजिनल, म्हणजे मूळची, पहिली. लांबी सुमारे ३० फूट. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास बूच बसवलेले होते. लाटांनी भरली तरी ती तरंगत राही. पुढे ४० वर्षे तिने लोकांचे प्राण वाचवले. पार्लमेंटने १८०२ साली ग्रेटहेडला १२०० पौंडांचा गौरव दिला. त्यानेच बांधलेली झेटलंड नावाची होडी आजही रेडकार या गावी जपून ठेवलेली आहे. तिने आपल्या आयुष्यात पाचशेहून अधिक माणसे वाचवली. श्रेय ल्यूकिनचे, वुडहॅवचे की ग्रेटहेडचे, हा वाद पुढे खूप रंगला. आपण त्यात पडायला नको. तिघांच्याही हातून एकच गोष्ट सिद्ध झाली: होडीच्या अंगात पाण्याला बळकावता येणार नाही अशी जागा राखून ठेवली, तर होडी भरली तरी बुडत नाही.

हेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. बूच काय, हवेची पेटी काय किंवा आजचा फोम काय, हे होडीला वर उचलीत नाहीत. ते फक्त जागा राखतात. संकट येईपर्यंत ती राखलेली जागा काहीच काम करीत नाही. घरात धान्याची कणगी भरलेली असते, तिचे मोल सुगीत कळत नाही, दुष्काळात कळते. तशातलाच हा प्रकार.

परंतु शिक्षण एवढ्यावर संपले नाही. ४ डिसेंबर १८४९ रोजी त्याच साउथ शील्ड्स गावची प्रॉव्हिडन्स नावाची जीवनरक्षक होडी एका अडकलेल्या जहाजाच्या मदतीला गेली. तिच्यावर २४ जण होते, सारे वाकबगार नावाडी. लाटेने होडी उलटली आणि त्यांतले २० जण बुडाले. बुचाची होडी असून तिने माणसे गमावली! कारण बुडू न देणे ही एक गोष्ट आणि उलटू न देणे, किंवा उलटल्यावर सुलटे होणे, ही दुसरी. वुडहॅवच्या नमुन्यात असलेला तो गुण साठ वर्षांत मागे पडला होता.

यानंतर नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने उलटल्यावर आपोआप सुलट्या होणाऱ्या होडीसाठी १०० गिनींचे बक्षीस लावले. २८० नमुने आणि आराखडे आले. १८५१ साली ते बक्षीस ग्रेट यारमथच्या जेम्स बीचिंगने पटकावले. अशा होडीची किल्ली दोन गोष्टींत असते. पुढच्या आणि मागच्या टोकांशी उंचावर हवेच्या मोठ्या पेट्या आणि अगदी तळाला जड लोखंडी कणा. हलके ते वर, जड ते खाली. होडी उलटली की हलक्या पेट्या पाण्याखाली दाबल्या जातात, जड कणा आकाशाकडे जातो आणि दोघेही आपापल्या जागी परतण्याची धडपड करतात. तेव्हा तरंगणारा पदार्थ किती भरला एवढेच पुरेसे नाही, तो कुठे भरला हेही तितकेच महत्त्वाचे, हा दुसरा धडा.

तिसरा धडा माणसाच्या अंगावरच्या बुचाचा. १८५४ साली कॅप्टन वॉर्ड या अधिकाऱ्याने बुचाच्या पट्ट्या शिवलेले जाकीट तयार केले. पण खलाश्यांना ते अवजड वाटे, घालायला ते राजी नसत. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी गावी वादळात एकामागून एक जहाजे फुटत होती आणि तिथली जीवनरक्षक होडी दिवसभर फेऱ्या घालीत होती. अखेरच्या फेरीत ती उलटली. १३ पैकी १२ जण गेले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. ते नवे जाकीट अंगात घातलेला तोच काय तो एक होता. यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

मोठ्या जहाजांनीही आपला धडा घेतला, पण फार मोठी किंमत मोजून. टायटॅनिक जहाजाच्या पोटात १६ कप्पे होते. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल, असा हिशेब होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगाने त्याहून अधिक कप्पे फाडले. मधल्या भिंती पुरेशा उंच नव्हत्या. नाकाडाकडून जहाज खाली गेले, तसे पाणी एका कप्प्याच्या भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडत गेले, जसे भरलेल्या वाफ्याचे पाणी बांधावरून शेजारच्या वाफ्यात सांडते. दीडेक हजार माणसे गेली. हवेच्या मोकळ्या कप्प्याचा हा मोठा दोष आहे. तो भोपळ्यासारखा असतो. फुटला की संपला. पांगाऱ्याचा बिंडा मात्र चिरला, तडकला, तरी तरंगतोच.

भोपळ्याचा हलकेपणा आणि बिंड्याचा चिवटपणा एका वस्तूत मिळाला तर? विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने नेमके हेच साधले. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉलिस्टायरीनचा फुगवलेला फोम मोठ्या प्रमाणावर निघू लागला. त्याचा पहिलावहिला उपयोग महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या तराफ्यासाठी झाला. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो, तो याच घराण्यातला. चांगल्या फोमच्या पोटात हवेचे असंख्य बारीक बारीक कण असतात आणि प्रत्येकाला स्वतःची बंद भिंत असते. म्हणजे एक मोठा भोपळा नव्हे, तर लाखो मोहरीएवढे भोपळे! चार फुटले तरी बाकीचे शाबूत. शंभर लिटर बुचाचे वजन वीस किलोंच्या वर जाते. तेवढ्याच फोमचे तीन.

आता आणखी एक ऐतिहासिक बदल ध्यानात घ्या. जुन्या होड्या लाकडाच्या. सागाचे लाकूड पाण्यापेक्षा हलके, म्हणून लाकडी होडी भरली तरी, तिच्यात दगड किंवा लोखंड नसेल तर, काठापर्यंत बुडून का होईना, पाण्यावर राही. माणूस तिला धरून राहू शके. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरच्या होड्या आल्या. गेल्या काही दशकांत त्या कोकण किनाऱ्यावरही आल्या. त्या कुजत नाहीत, डांबर मागत नाहीत, वजनाला हलक्या. पण फायबर हा पदार्थ पाण्यापेक्षा जड आहे. त्यात इंजिन बसवले. अशी होडी भरली की ती काठापर्यंत थांबत नाही, थेट तळाला जाते. म्हणजे लाकडी होडीच्या अंगात फुकट मिळालेली सांगड आपण काढून घेतली. ती परत घालण्याचे साधन म्हणजे फोम.

अमेरिकेत १९५८ साली रिचर्ड फिशर याने बॉस्टन व्हेलर नावाची साडेतेरा फुटांच्या आतली होडी बाजारात आणली. तिला फायबरची दोन कातडी होती आणि मधली सारी जागा फोमने भरलेली होती. १९६१ साली त्याने लाइफ मासिकाच्या छायाचित्रकारासमोर ती पाण्यातच करवतीने मधोमध कापली आणि मागच्या अर्ध्यात बसून इंजिन चालू करून निघून गेला! लोकांनी तोंडात बोटे घातली. पुढे १९७१ साली अमेरिकेने होड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा केला आणि त्या दशकातच २० फुटांच्या आतल्या बहुतेक इंजिनाच्या होड्यांत भरल्यावरही त्या तरंगत राहाव्यात अशी व्यवस्था बांधणाऱ्यांवर बंधनकारक झाली.

आता मामांच्या हिशेबाकडे वळू. समजा, फायबरची एक लहान होडी आहे. नुसत्या होडीचे वजन १६० किलो, इंजिनाचे ४०. होडी पूर्ण भरली तर पाण्याखाली गेलेले फायबर सुमारे १०० लिटर जागा अडवते, म्हणून त्याचे १०० किलो पाणी पेलते. उरले ६०. इंजिनाचेही असेच थोडे कमी होऊन सुमारे ३० उरतात. म्हणजे ९० किलो ओझे होडीला तळाकडे ओढणार. ते पेलायला किती फोम हवा? १०० लिटर फोम १०० किलो पाणी बाजूला सारतो, स्वतः ३ किलो भरतो, म्हणजे ९७ किलोंचा आधार देतो. रॉकेलचा जुना चौकोनी डबा सुमारे १८ लिटरचा. असे सहा डबे भरून फोम असेल तर होडी जेमतेम पाण्याशी राहील. तिला धरून, तिच्यात बसून माणसे तग धरू शकतील असे वाटत असेल तर आणखी हवा. हे सारे होडी भरल्यानंतरचे गणित आहे. होडी धड असताना या सहा डब्यांचा उपयोग शून्य.

याच्या पुढच्या तीन सूचना इतिहासाने आपल्याला दिल्याच आहेत. पहिली, फोमची जागा. सगळा फोम बुडाशी कोंबला तर भरलेली होडी खालून ढकलली जाते, वरचे ओझे कलते आणि ती पालथी होते. तेव्हा बराचसा फोम दोन्ही काठांच्या खाली, उंचावर, दोन बाजूंना सारखा आणि इंजिनाच्या जवळ पुरेसा असावा. दुसरी, फोमची जात. ज्याच्या कणांच्या भिंती फुटक्या असतात तो स्पंजासारखा पाणी पितो. चांगला फोमही वर्षानुवर्षे ओलीत राहिला तर हळूहळू पाणी धरतो. मग होडी विनाकारण जड होते आणि राखलेली जागा पाण्याने बळकावलेली असते. होडी नवी असताना रिकामी किती बुडते त्याची बाहेरून रंगाने खूण करा आणि दरवर्षी ताडून पाहा. खूण पाण्याखाली गेली तर फोम प्यायला लागला असे समजा. साधा थर्मोकोल पेट्रोलात विरघळतो, हेही इंजिनवाल्यांनी विसरू नये.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. फोम हे जास्त माणसे घेण्याचे परवानापत्र नव्हे. पाण्याची पातळी आणि होडीचा काठ यांच्यामध्ये जी वीतभर, हातभर कोरडी जागा असते, तेच होडीचे खरे भांडवल. चार माणसे जास्त घेतली की ते भांडवल खर्च झाले. मग मोटारबोटीच्या साध्या लाटेनेही होडी भरते, माणसे एका बाजूला सरकली तरी ती कलंडते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिनाभरावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट पावसाळी समुद्रात कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून सांगतात. कलंडण्यावर फोमचा उतारा चालत नाही. त्यावर उतारा एकच, काठ उंच राखणे आणि ओझे बेताचे ठेवणे.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. बादलीभर पाणी, शंभरेक ग्रॅम वजनाची स्टीलची खोलगट वाटी, चार लिंबांएवढा थर्मोकोल आणि दोरा, एवढेच साहित्य. रिकामी वाटी पाण्यावर ठेवा, पाणी बाहेरून कुठवर येते तिथे खूण करा. थर्मोकोल वाटीत टाका. वाटी वर येत नाही, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. थर्मोकोल काढून वाटीत पाणी ओता, ती बुडेल. मग थर्मोकोलचे तुकडे काठाशी सारख्या अंतरावर दोऱ्याने घट्ट बांधून पुन्हा पाणी ओता. वाटी भरेल, पण तळाला जाणार नाही. शेवटी तेच तुकडे वाटीच्या बुडाखाली बांधून पाहा. वाटी पालथी होण्याची धडपड करील. दोनशे वर्षांचा इतिहास पाऊण तासात मुलांच्या हाती येईल.

काही दिवसांनी त्या गावी पुन्हा जाण्याचा योग आला. मामांना मी हे सारे थोडक्यात सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे फोम भरायचा, पण माणसं होती तेवढीच घ्यायची?"

मी म्हणालो, "होय मामा. आणि एकेक जाकीट प्रत्येकाच्या अंगात."

मामांनी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. बाजारचा दिवस होता. गर्दी होती. त्यांनी मोजून माणसे घेतली आणि बाकीच्यांना म्हणाले, "तुम्ही थांबा. दुसऱ्या फेरीला नेतो." दोघेतिघे कुरकुरले. मीही थांबलेल्यांतच होतो.